सेटलमेंट फ्री कॉलनी : एका पत्त्यामागचा कायदा

सोलापुरात आजही कितीतरी लोकांच्या आधार कार्डावर, रेशन कार्डावर, लाइट बिलावर पत्ता छापून येतो तो असा : ‘सेटलमेंट फ्री कॉलनी, नंबर अमुक’. रिक्षावाल्याला नुसतं ‘सेटलमेंट’ म्हटलं तरी तो बरोबर नेऊन सोडतो. नवख्या माणसाला वाटतं, जुनी सरकारी वसाहत असेल, घरं फुकट दिली असतील म्हणून ‘फ्री’. तसं नाही. इथल्या ‘फ्री’चा अर्थ ‘मोकळा’. आणि कशातून मोकळा हे समजून घेतलं, की इंग्रजी राज्याने इथल्या भटक्या आणि आदिवासी जमातींचं काय केलं, त्यातलं आज काय उरलंय, हे उलगडायला लागतं.

सेटलमेंट म्हणजे कुंपणाच्या आतली वस्ती. सरकारने ‘गुन्हेगार’ म्हणून जाहीर केलेल्या जमातींची कुटुंबं तिथे आणून ठेवली जात : कैकाडी, टकारी, पारधी, मांग गारुडी, भामटा आणि अशाच आणखी काही. ठराविक वेळी हजेरी लागे. बाहेर जायचं तर पास घ्यावा लागे. काही वर्षं ‘नीट वागल्याची’ अधिकाऱ्याची खात्री पटली, तर एखाद्या कुटुंबाला कुंपणाबाहेर, पण नजरेच्या टप्प्यात, राहायची परवानगी मिळे. ती बाहेरची वस्ती म्हणजे फ्री कॉलनी. नाव मोकळं, पण माणसाचं नाव सरकारी वहीत तसंच राही. वागणूक बिघडली असं अधिकाऱ्याला वाटलं की पुन्हा आत.

या सगळ्यांत ध्यानात ठेवायची गोष्ट एकच : तिथे ठेवलेल्या माणसाने गुन्हा केलेला असलाच पाहिजे, अशी अट नव्हती. त्या जमातीत जन्म झाला, एवढं पुरेसं होतं.

जन्मावरून गुन्हेगार

हा कायदा १२ ऑक्टोबर १८७१ चा. गुन्हेगार जमाती कायदा. तो मांडताना कायदेमंडळात जो युक्तिवाद झाला त्याचा गाभा असा होता : हिंदुस्थानात सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तसेच पिढीजात गुन्हेगारही असणार आणि त्यांचे वंशजही गुन्हेगारच निघणार. सुरुवातीला तो उत्तर हिंदुस्थानात लागू झाला, १८७६ मध्ये बंगालमध्ये आला. १९११ च्या नव्या कायद्याने तो सगळ्या ब्रिटिश हिंदुस्थानात लागू करता येऊ लागला आणि आपला मुंबई इलाखा त्याच्या कक्षेत आला. १९२४ मध्ये सगळ्या दुरुस्त्या एकत्र करून शेवटचा कायदा झाला.

प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं, की भटक्यांबद्दलचा संशय इंग्रजांनी आणला नाही. गावकुसाबाहेर पाल टाकणाऱ्याकडे गाव आधीही तिरक्या नजरेने बघत असे. ‘भामटा’ हा शब्द आपल्या भाषेत शिवीसारखा वापरला जातो, तो काही १८७१ नंतर घडला नाही. पण गावाचा संशय गावापुरता असे. पाल उठलं, पुढच्या गावी गेलं, की तो मागे राही. कायद्याने त्या संशयाला क्रमांक दिला, अंगठ्याचा ठसा दिला, आणि तो माणसाच्या मागोमाग जिल्ह्याजिल्ह्यांत फिरायला लागला.

या लोकांवरच हे का आलं? कारण त्यांचे धंदे त्याच राज्याने मोडले होते. लमाण बंजारे बैलांच्या पाठीवर लदणी घालून मीठ, धान्य वाहत. कैकाड्यांचे दक्षिणेतले भाऊबंद, म्हणजे कोरवा आणि येरुकल, मिठाचाच व्यापार करत. सरकारने मिठावर मक्तेदारी आणि कर बसवला, आणि वाहतूक रेल्वेने घेतली. रेल्वे सोलापुरात १८६० मध्ये पोचली. ज्या वाटेने महिनोन्‌महिने तांडे चालत, तिथून मालगाडी दोन दिवसांत जायला लागली. १८७८ च्या वन कायद्याने जंगलातली शिकार, लाकूडफाटा, चराई सरकारच्या परवानगीखाली गेली. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा अबकारी कायदा आला आणि घरी मोहाची किंवा गुळाची दारू गाळणं गुन्हा ठरलं, कारण त्यातला महसूल सरकारला हवा होता.

टकाऱ्यांचं उदाहरण जवळून बघण्यासारखं आहे. जातं रोज वापरलं की खालच्या तळीचा आणि वरच्या पाळूचा, दोन्ही दगडांचा पृष्ठभाग गुळगुळीत होतो. मग दाणा नुसता घसरतो, पीठ जाडंभरडं पडतं. तेव्हा टकारी येई, पाळू उलटी टाकून छिन्नीने तिच्यावर बारीक बारीक टाके मारी आणि दगड पुन्हा खरखरीत करून देई. याला टाकी लावणं म्हणतात. हे काम वर्षातून एकदोनदाच निघतं. म्हणून एका गावात बसून पोट भरत नाही, गावोगाव हिंडावंच लागतं. म्हणजे हिंडणं हा त्यांचा स्वभाव नव्हता, धंद्याची गरज होती. पण कायद्याच्या नजरेत ‘ठरलेलं घर नाही, ठरलेलं उत्पन्न नाही’ हाच संशयाचा पुरावा. पुढे पिठाच्या गिरण्या आल्या आणि टाकीचं कामही गेलं.

कायदा कसा चाले

कायद्याची रचना यंत्रासारखी होती. प्रांत सरकार राजपत्रात अधिसूचना काढी : अमुक जमात, किंवा तिचा अमुक भाग, गुन्हेगार. या अधिसूचनेवर कोणत्याही कोर्टात प्रश्न उपस्थित करता येत नसे. तशी कायद्यातच तरतूद होती. मग जिल्हा मॅजिस्ट्रेट त्या जमातीच्या लोकांची नोंदवही तयार करी. प्रत्येकाला बोलावून नाव, गाव, नातेवाईक लिहून घेत आणि बोटांचे ठसे घेत. नाव एकदा चढलं की उतरवणं जवळजवळ अशक्य होतं. वहीत नाव असलेल्याने ठराविक मुदतीने जाऊन हजेरी द्यायची, घर बदललं तर कळवायचं, परगावी जायचं तर आधी सांगायचं. गावच्या पाटलाकडे किंवा पोलीस ठाण्यात ही हजेरी होई. पुढची पायरी म्हणजे ठराविक हद्दीत डांबणं, आणि सगळ्यात वरची पायरी सेटलमेंट.

शिक्षाही वेगळ्या होत्या. वहीतल्या माणसाला ठरवून दिलेल्या गुन्ह्यांपैकी एखाद्यात दुसऱ्यांदा शिक्षा झाली तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा झाली तर जन्मठेप काळ्या पाण्याची. आणि चोरी केली नसली, पण ‘चोरीच्या बेतात होता’ असं कोर्टाला वाटेल अशा अवस्थेत सापडला, तरी तीन वर्षांपर्यंत कैद. रात्री शेताच्या बांधावर तितरासाठी फास लावायला बसलेला पारधी आणि चोरीच्या बेतात असलेला माणूस, यांत फरक करायचं काम फौजदाराच्या मर्जीवर सोडलेलं.

सगळ्यात निष्ठुर भाग मुलांचा. १८९७ च्या दुरुस्तीने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून वेगळं काढून सुधारगृहात ठेवायचा अधिकार सरकारला मिळाला. आईबापांजवळ राहिलं तर मूल गुन्हेगार होईल, ही त्यामागची समजूत. हीच कल्पना त्या काळात इंग्रजी राज्यात दूरदूर चालू होती. कॅनडात दीड लाखाहून अधिक आदिवासी मुलं घरापासून तोडून निवासी शाळांत घातली गेली. तिथल्या सत्यशोधन आयोगाने २०१५ मध्ये त्याला सांस्कृतिक वंशविच्छेद म्हटलं. ऑस्ट्रेलियाच्या पंतप्रधानांनी १३ फेब्रुवारी २००८ रोजी संसदेत अशा हिरावलेल्या पिढ्यांची माफी मागितली. आपल्याकडे कायदा रद्द झाला, पण माफी कुणी मागितली नाही. ज्या देशाने हे केलं त्यानेही नाही आणि ज्याने ती व्यवस्था वारशात घेतली त्यानेही नाही.

गिरण्या आणि कुंपण

सेटलमेंटसाठी सोलापूर हे ठिकाण योग्य का वाटलं असावं, याचं उत्तर गावाच्या धुराड्यांत आहे. विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी मुंबई इलाख्याने सेटलमेंट उभ्या केल्या, ओ. एच. बी. स्टार्ट नावाचा अधिकारी या खात्याचा प्रमुख होता. यातली कित्येक ठिकाणं गिरण्यांची किंवा मोठ्या बांधकामांची. सोलापुरात जुनी मिल १८७० च्या दशकातच सुरू झालेली, पुढे नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू आल्या. गिरणीला रोज न चुकता हजर राहणारी माणसं हवी होती आणि सेटलमेंटला माणसांना कामाला जुंपून स्वतःचा खर्च भागवायचा होता. सेटलमेंटमधली माणसं गिरणीत जात. गैरहजर राहिलं तर इतर कामगाराची रोजी बुडे. यांच्या बाबतीत तो कायद्याचा भंग ठरू शके. पगार कमी वाटला म्हणून दुसऱ्या गावी काम शोधायला जायची सोयच नव्हती.

याला ‘सुधारणा’ म्हणत. शाळा, दवाखाना, कामाची सवय, सगळं दाखवता येण्याजोगं होतं, आणि काहींना त्याचा उपयोगही झाला. सेटलमेंटच्या शाळेत शिकून पुढे गेलेली कुटुंबं सोलापुरात आहेत. पण उपयोग झाला म्हणून बंदिवास बंदिवास राहत नाही असं नव्हे. आणि गिरण्या बंद पडल्या तेव्हा त्या कामगारांच्या नातवंडांकडे ना जुना धंदा उरला होता, ना जमीन.

१५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला. हा कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. मधे पाच वर्षं आणि सोळा दिवस गेले. म्हणून भटके-विमुक्त समाज ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. पंडित नेहरूंनी १९३६ मध्येच नेल्लोरच्या सभेत या कायद्याला राक्षसी म्हटलं होतं. स्वातंत्र्यानंतर अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीने १९५० मध्ये तो रद्द करायची शिफारस केली. ‘विमुक्त’ हा शब्द यातूनच आला : अधिसूचनेतून मुक्त केलेले.

पण मुक्त करताना हातात काही दिलं नाही. जमीन नाही, भरपाई नाही, बंद पडलेल्या धंद्याच्या जागी दुसरा धंदा नाही. उलट, सराईत गुन्हेगारांचे कायदे आले. आपल्या राज्यातला आहे १९५९ चा. कागदावर फरक मोठा आहे : तो जमातीला लागू होत नाही, एका माणसाला होतो, आणि त्याआधी त्याला अनेकदा शिक्षा झालेली असावी लागते. व्यवहारात मात्र नोंदवही, ठसे, हालचालींवर बंधन हा जुनाच साचा तिथे दिसतो, आणि साचा तोच असला की तो जुन्याच माणसांवर आधी बसतो. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० मध्ये आणि संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ मध्ये हे कायदे काढून टाकायला सांगितलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतल्या जातिभेदाच्या खटल्यात तुरुंग नियमावल्यांतले विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेख घटनाबाह्य ठरवले आणि विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानी अटक होणार नाही हे पाहायला पोलिसांना बजावलं.

एक कुंपण, तीन याद्या

आज सगळ्यात जास्त त्रास देणारी गोष्ट पोलीस नाही, कागद आहे.

समजा, एका गल्लीत तीन मुली एकाच वर्गात शिकतात. तिघींचे पणजोबा एकाच कुंपणात, एकाच कायद्याखाली होते. एक मांग गारुडी : अनुसूचित जातीत. दुसरी पारधी : अनुसूचित जमातीत. तिसरी कैकाडी : विमुक्त जाती, अ प्रवर्ग. तिसरीला महाराष्ट्रात तीन टक्के आरक्षणाच्या गटात जागा आहे, तीही इतर तेरा जातींबरोबर; केंद्राच्या नोकरीत तिची गणना इतर मागासवर्गात होते. तिला नॉन क्रीमिलेअर दाखला लागतो, बाकी दोघींना लागत नाही. आणि तिच्यावर जातीवरून अत्याचार झाला तर अॅट्रॉसिटी कायदा तिला लागू होत नाही, कारण तो फक्त अनुसूचित जाती आणि जमातींसाठी आहे. हीच कैकाडी मुलगी अकोल्यात किंवा अमरावतीत जन्मली असती तर अनुसूचित जातीत धरली गेली असती. विदर्भातल्या जिल्ह्यांत कैकाडी त्या यादीत आहेत, सोलापुरात नाहीत.

हे असं का झालं? अनुसूचित जाती आणि जमातींच्या याद्या १० ऑगस्ट आणि ६ सप्टेंबर १९५० च्या आदेशांनी ठरल्या. त्या वेळी गुन्हेगार जमाती कायदा देशाच्या पुस्तकातून गेलाही नव्हता. ज्यांची गणना सरकारने ‘गुन्हेगार’ या खात्यात केली होती, त्यातले काही या यादीत गेले, काही त्या यादीत, बरेच कुठेच नाही. महाराष्ट्राने विमुक्त आणि भटक्यांची स्वतःची यादी केली ती २१ नोव्हेंबर १९६१ ला. मूळ सोलापूरचे बाळकृष्ण रेणके यांच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय आयोगाने २००८ मध्ये अहवाल दिला, पुढे भिकू इदाते आयोगाने दिला. देशात कित्येक जमाती अजून कोणत्याच यादीत नाहीत, हे दोन्ही आयोगांनी दाखवलं. आणि महाराष्ट्राच्या यादीतले काही शब्दच बघा. भामटा या जातीच्या पोटजातींत ‘उचले’ आणि ‘घंटीचोर’ अशी नावं सरकारी कागदावर आजही आहेत. आपल्या मुलीला शिष्यवृत्ती हवी असेल तर बापाने ‘घंटीचोर’ असं लिहिलेला दाखला तहसीलच्या खिडकीत पुढे करायचा. याहून स्पष्ट दुसरं उदाहरण शोधावं लागत नाही.

दाखला काढताना

जातीच्या दाखल्यासाठी अर्ज प्रांताकडे, म्हणजे उपविभागीय अधिकाऱ्याकडे, जातो. आपले सरकार किंवा सेतू केंद्रातून भरता येतो. अर्जदाराला आपले पूर्वज ठराविक तारखेला महाराष्ट्रात कुठे राहत होते आणि तेव्हा त्यांची जात काय नोंदली होती, हे दाखवावं लागतं. तारखा वेगवेगळ्या आहेत : अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१. आणि अर्ज करायचा तो आज राहता त्या ठिकाणी नाही, तर त्या तारखेला आजोबा-पणजोबा राहत होते तिथल्या प्रांताकडे. हा नियम ज्याने केला त्याच्या डोळ्यांपुढे घर, शेत आणि सातबारा असलेला माणूस होता. ज्याचे आजोबा त्या वर्षी तीन तालुक्यांत पाल टाकून हिंडत होते त्याने ‘मूळ गाव’ या रकान्यात काय लिहावं?

इथे सेटलमेंटवाल्यांच्या बाबतीत एक विचित्र गोष्ट घडते. ज्या वहीने त्यांच्या आजोबांना बांधून ठेवलं, तीच वही, किंवा सेटलमेंटच्या शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, हाती लागलं तर तो नातवाचा सगळ्यात पक्का पुरावा ठरतो. त्यात नाव आहे, जात आहे, तारीख आहे, गाव सोलापूर आहे. जे कधी पकडले गेले नाहीत, हिंडत राहिले, त्यांच्याकडे तेवढंही नाही.

शोध कुठून सुरू करायचा, तर बापाच्या बाजूकडून. स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला, मग वडिलांचा, मग चुलत्यांचा आणि आत्याचा, मग आजोबांचा. आईकडचे कागद इथे सहसा चालत नाहीत. नुसता दाखला पुरत नाही. शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरचा सही-शिक्क्याचा उतारा मागून घ्यावा, कारण पुढे जातीचा दाखला खरा आहे का हे तपासणाऱ्या पडताळणी समितीचं दक्षता पथक मूळ रजिस्टर उघडून बघतं. जन्ममृत्यूची नोंद गाव नमुना १४ मध्ये, म्हणजे कोतवाल बुकात, सापडते. ती तहसीलच्या अभिलेख कक्षात असते. ती मागताना सालं आणि गाव नेमकं लिहावं. ‘जुनी नोंद मिळावी’ असा मोघम अर्ज हमखास परत येतो. रक्ताच्या नात्यातल्या कुणाला, चुलतभावाला का होईना, आधीच या समितीचं वैधता प्रमाणपत्र मिळालं असेल तर ते आणि वंशावळीचं प्रतिज्ञापत्र जोडावं. याचं वजन मोठं असतं.

अडतं कुठे, तेही ठरलेलं आहे. पहिलं, शाळेत नाव घालताना मास्तरांनी जातीच्या रकान्यात नुसतं ‘हिंदू’ लिहिलेलं. दुसरं, एका भावाच्या दाखल्यावर ‘टकारी’, दुसऱ्याच्या ‘भामटा’. दोन्ही एकाच प्रवर्गात असली तरी कारकून दोन जाती धरतो, तेव्हा यादीतली नोंद दाखवून ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र द्यावं. पारध्यांच्या बाबतीत हा घोळ जास्त महागात पडतो. ‘पारधी’, ‘फासेपारधी’ ही नोंद अनुसूचित जमातीत जाते, तर ‘राजपारधी’, ‘गाव पारधी’ विमुक्त जातीत. बापाच्या कागदावर एक आणि चुलत्याच्या कागदावर दुसरं असेल तर दोन्हीकडून नकार येतो, आणि तोवर मुलाचं इंजिनिअरिंगचं वर्ष गेलेलं असतं. तिसरं, आडनाव. शाळेत नाव घालताना कित्येकांनी लाजेपोटी किंवा मास्तरांच्या सल्ल्याने जाधव, गायकवाड, पवार अशी आडनावं घेतली. जुन्या नोंदीत आडनावच नसतं, किंवा वेगळं असतं. हे दोन कागद जोडणारा दुवा वंशावळीत स्पष्ट हवा. आणि चौथं : रजिस्टरमध्ये नंतर वेगळ्या शाईने कुणी जात ‘दुरुस्त’ केली असेल, तर ती नोंद वापरूच नये. ती चांगल्या पुराव्यालाही खाली ओढते.

कागद अजिबातच नसेल तर अर्जातच स्थानिक चौकशीची, गृहचौकशीची लेखी मागणी करावी. तोंडी सांगितलेलं फाइलला लागत नाही. अर्ज फेटाळला तर कारणासह लेखी आदेश मागावा, कारण अपील त्या कारणाविरुद्ध करायचं असतं. अनुसूचित जमातीच्या पडताळणीत रूढी, देवदेवता, लग्नाच्या पद्धती विचारून ‘आप्तभाव’ तपासतात. तीन पिढ्या कुंपणात, गिरणीत आणि झोपडपट्टीत काढलेल्या पोराला पारध्यांच्या जुन्या रूढी काय माहीत असणार? सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये सांगितलं, की ही चाचणी प्रत्येक प्रकरणात अखेरची कसोटी मानता येणार नाही. जुने कागदोपत्री पुरावे असतील तर त्यांना महत्त्व द्यावं. समितीपुढे लेखी म्हणणं देताना हा निकाल नक्की नमूद करावा.

माळावर आणि ठाण्यात

सोलापूरच्या उत्तरेला नान्नजचा माळ आहे. १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य जाहीर झालं तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, नंतर ते १,२२२ वर आणलं. पक्षी वाचायला हवा, यात दुमत नाही. पण याच माळांवर पारधी तितर, ससे धरत आले. फास म्हणजे बारीक दोरीच्या फाशांची रांग, काठ्यांना बांधून गवतात मांडलेली. त्यासाठी पक्ष्याची वाट, पाणवठा, विणीचा हंगाम सगळं कळावं लागतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली ती योग्य कारणाने. पण ज्याला माळ सगळ्यात जास्त कळतो त्याला राखणदार म्हणून पगारावर घ्यावं, हे सुचायला फार उशीर झाला, आणि तेही फार थोड्या ठिकाणी झालं. भिक्षेकरी प्रतिबंधाचा १९५९ चा मुंबई कायदाही असाच. गाणं, नाच, भविष्य सांगणं, खेळ करून पैसे मागणं हे सगळं त्यात भीक ठरतं. म्हणजे पंढरीच्या वाटेवरचा नंदीबैलवाला आणि डोंबाऱ्याची पोर, दोघंही कायद्याच्या व्याख्येत बसतात.

हातभट्टीचं तेच. तांड्यांवर वर्षानुवर्षं धाडी पडल्या, रसायन ओतलं, बॅरल फोडले, आठवड्याने भट्टी पुन्हा पेटली. २०२१ मध्ये सोलापूर ग्रामीण पोलिसांनी ‘ऑपरेशन परिवर्तन’ सुरू केलं, त्यात तांडे दत्तक घेऊन धाडीबरोबर दुसरं काम, समुपदेशन, मुलांचं शिक्षण यांवर भर दिला. नुसत्या धाडीपेक्षा हा रस्ता बरा, कारण त्यात आधी विचारलं जातं : भट्टी बंद केली तर घरात काय शिजणार?

गावात चोरी झाली की जवळच्या पालावर आधी गाडी जाते, ही तक्रार पारधी वस्त्यांवर आजही ऐकू येते. जुनी हजेरी गेली, पण ‘संशयावरून’ हा शब्द राहिला. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया भारतीय नागरिक सुरक्षा संहितेखाली चालते. कलम १२८ आणि १२९ मध्ये संशयित आणि सराईत म्हणून चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागायची तरतूद आहे, १७० मध्ये प्रतिबंधक अटकेची. म्हणून वस्तीवरच्या शिकलेल्या दोनतीन जणांना तरी या गोष्टी पाठ हव्यात. अटकेचं कारण लगेच सांगणं बंधनकारक आहे, कलम ४७. नातेवाइकाला कळवणं बंधनकारक आहे, कलम ४८. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून, कलम ५८. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात सहसा आधी कलम ३५(३) ची नोटीस द्यायची असते; ती मिळाली तर हजर राहावं, घाबरून पळून जाऊ नये, कारण हजर न राहणं हेच मग अटकेचं कारण बनतं. बाईला सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी अटक करता येत नाही. अपवाद करायचा तर महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी हवी. पारधी कुटुंबाला जातीवरून खोट्या गुन्ह्यात गुंतवलं असेल तर अॅट्रॉसिटी कायद्याखाली तक्रार देता येते, पण त्यासाठी जमातीचा दाखला हातात असावा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत मिळतो. फोन नंबर १५१००, देशभर कुठूनही. तो दाखल्याच्या झेरॉक्सच्या मागे लिहून ठेवावा आणि झेरॉक्स पालावरच्या प्रत्येक घरात असावी.